मराठी उपासनेची व्हॉलीबॉल टीम

४ जानेवारी, रविवार
पाळकसाहेबांनी आज जाहीर केलं: सव्वीस जानेवारीला चर्चच्या पिकनिकमध्ये व्हॉलीबॉल. मराठी उपासनेची मंडळी विरुद्ध तेलुगू उपासनेची मंडळी. मी लगेच उभं राहून कॅप्टनपद स्वीकारलं. कुणी दिलं नव्हतं, पण कुणी नाही म्हणालं असंही नाही.
किशोर कॉलेजच्या टीममध्ये खेळतो. नेटपाशी तो, मागे मी. बाप-लेक एका टीममध्ये. आणखी काय पाहिजे माणसाला.

५ जानेवारी
किशोरला सांगितलं. तो तेलुगूकडून खेळणार म्हणे. दर रविवारी तेलुगू उपासनेला जातो, दोस्त सगळे तिकडचे, आणि मराठी गीतपुस्तक त्याला वाचता येत नाही. मी विचारलं, व्हॉलीबॉल काय गीतपुस्तक बघून खेळतात? त्यानं मान डोलावली. कानात इअरफोन होते.
येईल. रक्त माझंच आहे.

९ जानेवारी, पहाटे
पळायला जाणार होतो. हैदराबादेत, आमच्या चिक्कडपल्लीत, एवढी थंडी कधी पडत नाही. सोमवारपासून नक्की.

११ जानेवारी, रविवार
चर्चच्या कंपाउंडात पहिली प्रॅक्टिस. हिम्मतरावांच्या गुडघ्याला पट्टा. एकनाथरावांना बीपी. प्रशांत रात्रपाळी करून थेट आलेला, उभ्या उभ्या झोपतो. शैलाला नख तुटायची काळजी. महिला मंडळाच्या मालनबाई शाळेत थ्रोबॉल खेळायच्या, त्यामुळे बॉल पकडूनच ठेवतात. बॉल पकडायचा नसतो, असं मी समजावलं. त्या म्हणाल्या, मग सुटतो ना.
माझी सर्व्हिस नेटखालून गेली. पण वेग बघण्यासारखा होता.
एकंदरीत टीम समतोल आहे.

१२ जानेवारी
सोमवार. पाऊल मुरगळलंय असं वाटतं.

१७ जानेवारी
बेगम बाजारातून भगवेही नाहीत, पिवळेही नाहीत अशा रंगाचे टी-शर्ट आणले. दुकानदार डझनाखाली देईना. छातीवर 'मराठी उपासना' छापून घेतलं. किशोरसमोर एक धरला. त्यानं एकेक अक्षर लावत वाचलं. माझा ऊर भरून आला. मग तो म्हणाला, डॅडी, हे घालून तुम्ही बाहेर जाणार?

१८ जानेवारी, रविवार
पोरगा ऐकत नाही म्हणून त्याच्या आईला, त्रिवेणीला, मध्ये घातलं. ती म्हणाली, अहो, त्याला तुमच्याबरोबर खेळायला आवडेल, तुमचं भाषण ऐकायला आवडत नाही. मी भाषण कधीच देत नाही. हे तिला तासभर नीट समजावून सांगितलं. शेवटी ती पटल्यासारखी झोपली.

२५ जानेवारी
उद्याची व्यूहरचना तयार. किशोर आयत्या वेळी आपल्या बाजूला येईल, असं धरूनच केली आहे.

२६ जानेवारी, संध्याकाळ
पहिला सेट हरलो. पंचवीस-चार. ते चार त्यांच्याच चुकांचे.
तेलुगूवाले भले लोक. त्यांचा कॅप्टन सुरेश जवळ येऊन म्हणाला, अंकल, परेशान नक्को हो, किशोरकू लेलो. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. किशोर नेटखालून वाकून आमच्यात आला.
आता आम्ही सात झालो. खेळायचे सहा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हिम्मतरावांकडे बघितलं. ते म्हणाले, आज गुडघा एकदम छान आहे. प्रशांतसुद्धा जागा होता. मग मालनबाई म्हणाल्या, अनंतभाऊ, तुम्ही बाहेरून सांगा ना.
तसं कॅप्टनला बाहेरून जास्त दिसतं. मी बाहेर गेलो.
दुसरा सेट जिंकलो. तिसराही. किशोर सगळीकडे होता. मालनबाई, बॉल सोडा, एकनाथकाका, तुमचा, शैलाताई, मागे या, असं ओरडत होता. घरी इतकं मराठी बोलत नाही. मीही बाहेरून बरंच सांगितलं. कुणाला ऐकू गेलं नसावं.
फोटो काढायला मोबाइल माझ्या हातात दिला. बाप-लेक एका टीममध्ये, पण एका फोटोत नाही.

२७ जानेवारी, सकाळ
चहा घेताना किशोर आपणहून बोलला. पुढच्या वर्षी मराठीकडूनच खेळणार. मधूनमधून मराठी उपासनेलाही येईन म्हणाला, मालनबाई गीतं वाचायला शिकवणार आहेत. शेवटी रक्त ते रक्त.
अट एकच घातली. मी टीममध्ये नको. बाहेर उभं राहून सांगायलाही नको. त्या वेळी मी पिकनिकच्या बिर्याणीकडे बघितलं तर बरं, असं म्हणाला.
मी लगेच हो म्हटलं, त्याचा विचार बदलायच्या आत.