नसलेला खांब

मंगळवार, ११ नोव्हेंबर
विश्रामबाग, सांगली

सर,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला दोन ओळी लिहिल्या नाहीत, त्याबद्दल माफ करा. तुम्ही होता तेव्हाही मी काही फार मोठी शिष्या नव्हते. कोरेगावला आले की तुमच्याकडे जाऊन येईन म्हणायचे आणि स्टेशनवरून सरळ माहेरी जायचे. शेवटच्या आजारपणात तुम्हाला मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं, म्हणजे माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, तरी मी दोनदाच आले. दुसऱ्या वेळी तुम्ही झोपला होतात. काकू उठवायला निघाल्या तर मीच म्हटलं, राहू द्या. ते तुमच्यासाठी म्हटलं की मला लवकर निघायचं होतं म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. रविवारी आमच्या कराटे क्लासचं ग्रेडिंग झालं. ब्राऊन बेल्टला बसलेल्या माझ्या चारही मुली नापास झाल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चौघींच्या कागदांवर एकच शेरा लिहिला होता : वळताना डावा पाय दोनदा टेकतो. मी मुलींना म्हटलं, सराव कमी पडला. काल एका पालकांनी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ पाठवला आणि तो बघताना माझ्या लक्षात आलं, की डावा पाय दोनदा मी टेकते. तीन वर्षांपूर्वी स्कूटीवरून पडले तेव्हापासून माझा डावा गुडघा पुरता फिरत नाही. डॉक्टरांनी पीळ देऊन वळायचं नाही असं बजावलं होतं. ते मी क्लासमध्ये कुणालाच सांगितलं नाही. वळण्याआधी एक बारीकसं पाऊल मधे घालायचं आणि निभावून न्यायचं, असं चाललं होतं. मुलींनी मात्र तेही शिकवलेलंच आहे असं समजून उचललं. चौघींमधली सगळ्यात चांगली मुलगी अकरावीत आहे. निकाल सांगितल्यावर ती माझ्यापुढे मान खाली घालून म्हणाली, "चुकलं, मॅडम." आज सकाळी तिच्या आईचा फोन आला, की हिला हे जमत नसेल तर पुढच्या वर्षीच्या बारावीकडेच लक्ष देऊ दे, उद्या शेवटची येईल आणि सगळ्यांना भेटून जाईल. मी म्हटलं, बरं. आज हॉल लग्नाला दिलेला आहे, त्यामुळे क्लास नाही. म्हणजे माझ्या हातात एक दुपार आहे, आणि ती मी तुम्हाला लिहिण्यात घालवते आहे.

तुम्हाला घेवड्याच्या गोदामातला तो खांब आठवत असेलच. कोरेगावच्या बाजारात त्या व्यापाऱ्यांनी तुम्हाला गोदामाची अर्धी जागा संध्याकाळपुरती दिली होती. एका बाजूला छतापर्यंत पोती, दुसऱ्या बाजूला आम्ही वीस-पंचवीस जण, आणि मधोमध नाही, जरा डावीकडे, लोखंडी खांब. घेवड्याची धूळ नाकात जायची आणि तुमचा नियम असा की शिंक आली तर बाहेर जाऊन द्यायची. माझा ड्रेस काकूंनी मांजरपाटाचा शिवून दिला होता. तो इतका कडक, की हात फिरवला की आपोआप फटकन आवाज यायचा आणि माझा ठोसा जोरदार आहे असा माझा बरेच दिवस गैरसमज होता. तुम्ही सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तुमचा आवाज बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाला जायचा, पण पाय चुकला तर तुम्ही ओरडत नव्हतात. खाली बसून दोन्ही हातांनी आमचं पाऊल उचलायचात आणि सरीत उसाची कांडी ठेवावी तसं नेमक्या जागी ठेवायचात. माझ्या पावलाला असं कुणी हात लावण्याची मला लाज वाटायची. घरातल्या कुठल्याही पुरुषानं माझं पाऊल कधी हातात घेतलं नव्हतं. तुम्हाला त्यात काही वाटायचं नाही. पाय म्हणजे कामाची वस्तू.

काता म्हणजे समोर नसलेल्या शत्रूंशी ठरलेल्या क्रमाने लढायचं, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शत्रू दिसला पाहिजे, नुसते हात हलवू नका. आम्हाला शत्रू किती दिसले कोण जाणे, पण खांब रोज दिसायचा. एका कातामध्ये तिसऱ्या ओळीनंतर डावीकडे मोठं वळण आहे आणि तिथे तो आडवा यायचा. तुमच्या पहिल्या तुकडीला तुम्ही म्हणाला असाल, खांब सांभाळा. त्यांनी वळण्याआधी अर्धं पाऊल उजवीकडे घेतलं. त्यांचं बघून दुसऱ्या तुकडीने घेतलं. आम्ही आलो तोवर खांबापासून लांब उभी असलेली पोरंसुद्धा ते अर्धं पाऊल घेत होती आणि समोर करून दाखवताना तुम्हीही.

मग सांगलीचं ग्रेडिंग. मी दहावीत आहे. पहाटेच्या पॅसेंजरने आम्ही सहा जण तुमच्याबरोबर निघालो आहोत, डब्यात काकूंनी दिलेल्या दशम्या आहेत. शाळेचा हॉल एवढा मोठा आणि मोकळा, की आम्हाला भीतीच वाटते. टेबलामागे तीन परीक्षक. आमच्यातला पहिला मुलगा वळणाशी येतो आणि सरकतो. परीक्षक काहीतरी लिहितात. दुसरा सरकतो. तिसरा सरकतो, तेव्हा मागे बसलेल्या सांगली-मिरजेच्या पोरांत खसखस पिकते. चौथी मी. मीही सरकते, सर, अगदी टापटिपीने, जणू त्या कोऱ्या फरशीत काहीतरी पुरलेलं आहे.

मधले परीक्षक हात वर करून मला थांबवतात. "तिथं काय आहे गं?"

मला खरं उत्तर माहीत होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण सगळा हॉल बघतोय, तुम्ही मागे भिंतीशी उभे आहात, आणि मी म्हणते, "चुकलं, सर."

तेव्हा तुम्ही मागून चालत पुढे आलात. पायांत मोजे होते, डाव्या मोज्याला अंगठ्याशी रफू. टेबलासमोर सावधानमध्ये उभे राहिलात.

"तिची चूक न्हाई, साहेब. आमच्या गोदामात तिथं खांब हाय. मीच तसं शिकवलंय सगळ्यांना. आज तुमी इचारलं तवा मला दिसलं."

हॉल हसला. परीक्षकही हसू दाबत म्हणाले, "मग आता मार्क कुणाचे कापायचे?"

"पोरांचे कापा. नियम हाय तो. पर कागदावर लिवा की शिकवणाऱ्याची चूक."

त्यांनी लिहिलं की नाही, मला माहीत नाही. आम्ही सहाही जण नापास झालो. परतीच्या गाडीत मसूर स्टेशन आलं. मग आमच्यातला सगळ्यात वात्रट मुलगा म्हणाला, "सर, तुमी उगंच उठला बगा. आता सगळी सांगली आपल्याला खांबवाले म्हणणार."

"म्हणंनात की. एवढी सहा जण एका ठेक्यात सरकली, हे कुणी बघितलं का न्हाई? लय भारी सरकला गड्या तुमी."

आधी एकजण फुटला, मग सगळेच हसायला लागलो. मीही हसले. तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात आणि तुमचा चेहरा हसरा नव्हता.

"तू का म्हणालीस चुकलं म्हणून?"

"तुमाला वाईट दिसू नये म्हणून, सर."

"खांब हाय हे ठाव हुतं ना तुला? मग खोटं बोललीस. माझी चूक माझी हाय. तू कशाला वाटून घेतीस?"

मला रडू आलं. मला वाटलं होतं तुम्ही शाबासकी द्याल. रहिमतपूर गेलं, कोरेगाव आलं, तरी मी खिडकीकडेच तोंड करून बसले होते. उतरताना तुम्ही माझी पिशवी उचललीत आणि घरापर्यंत आणून दिलीत.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आम्हाला बाजार समितीच्या मोकळ्या आवारात नेलंत. खांब गेला होता, पण आमच्या पायांना ते कळत नव्हतं. तुमच्याही. मग तुम्ही एक शिक्षा काढलीत, जी फक्त आमच्यासाठी नव्हती. कुणीही सरकलं की बाकीच्यांनी मोठ्याने "खांब!" म्हणायचं, आणि तुम्ही सरकलात तर तुम्हालाही म्हणायचं. पहिल्या संध्याकाळी तुम्ही सरकलात तेव्हा कुणाची हिंमत झाली नाही. तुम्ही थांबलात, आमच्याकडे बघितलंत. "काय रं, दिसलं न्हाई का? का नोकरीला हायसा तुमी माझ्या घरी?" मग यलो बेल्टची एक चिमुरडी बारीक आवाजात म्हणाली, "खांब." तुम्ही तिला वाकून नमस्कार केलात आणि पहिल्यापासून सुरुवात केलीत. त्यानंतर आम्ही इतक्या उत्साहाने ओरडायला लागलो, की हमाल गोळा व्हायचे.

एका सकाळी वही द्यायला तुमच्या घरी आले. काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या आणि तुम्ही चुलीपासून फळीपर्यंतच्या त्या सहा फुटांत उघड्या पायांनी तेच वळण घेत होतात. काकूंनी मागे न बघताच म्हटलं, "खांब." त्यांना कसं कळलं, मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, पायाच्या आवाजानं कळतंय. आनि आवं, दूध हाय तिथं, ते तरी चुकवा." तुम्ही हसलात. मला चहा दिलात, काकूंनी ताजी भाकरी आणि दही दिलं. तुमचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होतं. आज मी त्या वयाच्या जवळ आले आहे म्हणून मला कळतं, एका शाळकरी मुलीसमोर स्वयंपाकघरात चुका करत राहणं काय असतं.

पावसाळ्याआधी सांगलीला तीन दिवसांचं प्रशिक्षण शिबिर होतं. शिकवणाऱ्यांनी पुढच्या रांगेत उभं राहायचं असतं. तुम्ही ब्लॅक बेल्ट घडी करून पिशवीत ठेवलात, पांढरा बांधलात आणि सगळ्यात मागे आमच्या मागे उभे राहिलात. मिरजेचा एक पोरगा म्हणाला, "काका, नवीन ॲडमिशन का?" "व्हय गड्या, जरा उशिरा आलोय." तीन दिवस तुम्ही प्रत्येक काता पायाच्या जागेपासून तपासून घेतलात, दुपारी बाकीचे जेवायला गेले की वहीत पावलांची चित्रं काढत बसायचात. आणखी दोन लहान चुका सापडल्या. त्याही तुम्ही आम्हाला परतताना गाडीत सांगितल्यात, आनंदाने, जणू बाजारातून काही आणलंय. शेवटच्या दिवशी त्याच परीक्षकांसमोर तुम्ही स्वतःहून ती काता केलीत. वळणाशी आलात आणि तुमचा उजवा पाय सरकला. मी तोंडावर हात दाबला, तरी आमच्या ओळीतून कुणीतरी "खांब" पुटपुटलंच. तुम्ही थांबलात, नमस्कार केलात. "पुन्यांदा करतो." दुसऱ्या वेळी तुमचा पाय जिथल्या तिथे फिरला आणि टाच खाली आल्याचा आवाज त्या मोठ्या हॉलमध्ये एकदाच आला. त्या वर्षी आम्ही सहाही जण पास झालो. मला त्यातलं माझं काही आठवत नाही. तुमची टाच आठवते.

मी तुमच्यासारखी नाही, हे लिहून मोकळं होणं सोपं आहे, म्हणून ते लिहीत नाही. कारण शोधते आहे. क्लासला येणारे पालक लंगडणाऱ्या बाईकडे मुली पाठवणार नाहीत, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आले. परीक्षकांच्या यादीतलं माझं नाव जाईल, हेही. दोन्ही थोडंफार खरं आहे. पण त्याखाली आणखी एक आहे : मला अजून तसं वळता येतं, असं मुलींनी समजावं हे मला आवडत होतं. मी दाखवते आणि वीस मुली श्वास धरून बघतात, ते मला सोडायचं नव्हतं. तुम्हालाही ते आवडत असणार. तुम्ही माणूसच होतात, आणि मिशीला पीळ देताना मी तुम्हाला पाहिलं आहे. तरीसुद्धा तुम्ही मोज्यांवर चालत पुढे आलात. विचार करायला वेळ घेतला नाहीत. मी दोन दिवस घेतले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही पहिलं पान वाचून "मुद्द्याचं बोल पोरी" म्हणाला असता. डायरीतच राहील. पण एक दुरुस्ती केल्याशिवाय वही मिटता येणार नाही. वर लिहिलंय, की व्हिडिओ बघताना माझ्या लक्षात आलं. तसं नाही, सर. रविवारी हॉलमध्ये, पहिल्याच मुलीचा पाय दोनदा टेकला तेव्हाच मी तो ओळखला होता. काकूंना आवाजावरून कळायचं, तसं. आणि अकरावीतली ती मुलगी "चुकलं, मॅडम" म्हणाली, तेव्हा ती माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या गुडघ्याकडे बघत होती.

उद्या : साडेपाच वाजता, वॉर्मअपच्या आधी, सगळ्यांसमोर पायजमा वर करून गुडघा दाखवणे.