‘आणि पार्टी’तला आवाज

९ नोव्हेंबर ९६
सोनईच्या भंगारवाल्याकडून जुना रेकॉर्ड प्लेअर आणला. बदल्यात त्याच्या बायकोचे दोन ब्लाऊज शिवायचे. हे स्वतः एसटीत कंडक्टर, त्यांच्याच गाडीतून आणला. म्हणाले, "कंडक्टरच्या बायकोला सीट मिळते, भंगाराला मिळत न्हाई." मग शेवगावपर्यंत सबंध रस्ता मीच तो मांडीवर घेऊन बसले.
थाळी जाम, पिन तुटलेली, आत पालीची अंडी. माझ्या हातचं हे तिसरं मशीन. आधीच्या दोन्हींवर हात बसला. चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत हे गायलंच पाहिजे.

११ नोव्हें.
कशासाठी ते लिहून ठेवते. आई मास्तरांच्या गायन पार्टीत गायची. मी लहान असताना ती सगळी मुंबईला गेली आणि एक रेकॉर्ड निघाली. वर मास्तरांचं नाव, खाली ‘आणि पार्टी’. आई तेव्हापासून त्या ‘पार्टी’तच राहते आहे.
मास्तर वारले. मुलगा विलास (यापुढे वि., शाई कशाला वाया घालवा) जयंती कमिटीचा अध्यक्ष. तीच गाणी नव्या पोरांकडून गाऊन घेऊन कॅसेट काढतोय. परवा विहारात सगळ्यांदेखत म्हणाला, "बाया न्हवत्याच रेकॉर्डात. बारीक आवाजाची पोरं हुती." आई समोरच बसलेली. पदर सारखा केला.
मी बोलले. "रेकॉर्ड माझ्या घरात हाय. जयंतीला लावते, मंग सांग."
घरात आहे, पण अजून ऐकलेली नाही. पहिल्या दोन प्लेअरच्या बोथट पिनेखाली आईला घालायचा धीर झाला नाही. एकच तर आहे.

२४ नोव्हें.
मोटर चालू झाली. मोटर आणि थाळीच्या मधलं रबरी चाक कडक झालंय, तडे गेलेत. दर फेऱ्याला धप्प. नवं मिळत नाही.
दुपारी बॉबिन भरता भरता डोक्यात उजेड पडला. शिलाई मशीनला बॉबिन भरायच्या चाकावर रबराची कडी असते. ती ताणून बसवली. बसली! धप्प बंद. आता बॉबिन हाताने भरते आहे. गिऱ्हाइकं खोळंबली आहेत, खोळंबू देत.

१ डिसें.
थाळीच्या दांड्याला तेल दिलं. मशीनचं नाही दिलं. त्याचा डाग म्हणजे आमच्या धंद्यात बोंब. रेकॉर्डवर थेंब उडाला तर? खोबरेल दिलं. स्वच्छ, डाग धुतला की जातो. थाळी अशी फिरली की हे बघतच राहिले.

५ जानेवारी ९७
नाक कापलं गेलं. वि. सकाळी सकाळी कमिटीचे दोघं घेऊन आला. "दाखव आक्का तुझं मशीन." बटण दाबलं. मोटर गुरगुरली, थाळी जागची हलेना. वि. हसला. "थंडी वाजली वाटतं त्याला."
त्याला कळलं नाही, पण तो खरं बोलला. ते गेल्यावर कोनाड्यात बघितलं तर बाटलीत खोबरेल पांढरं घट्ट. रोज सकाळी ती बाटली उन्हात ठेवणारी मीच. प्लेअरच्या पोटात तेच तेल घालणारी पण मीच. कपाळ माझं!
सगळं खोललं, रॉकेलने पुसलं, मशीनचं तेल दिलं. डाग पडला तर पडला. त्याचं हसू मी लक्षात ठेवलं आहे.

१६ फेब्रु.
नगरहून नवी पिन. दुकानदार, "बाई, आता कोण ऐकतंय ह्यावर?" म्हटलं, मी ऐकते, तुम्ही पिन द्या.
घरी आल्यावर लावली. आई भिंतीला टेकून बसलेली. आधी मास्तर. मग ध्रुवपदाला मागून एक आवाज येतो, उंच, उघडा, मास्तरांच्या डोक्यावरून जाणारा. मला रडू आलं. रडले.
आई म्हणाली, "माईक एकच. आमाला लई मागं उभं केलं हुतं. मास्तर म्हनले, बायांनी आवाज बेतानं काढा. मी न्हाई काढला बेतानं."
हे मला आजवर का सांगितलं नाहीस? तर म्हणे, "तू कुठं इचारलं."

२३ मार्च
एक भानगड आहे. संध्याकाळी सगळीकडचे शेतातले पंप लागले की व्होल्टेज पडतं आणि गाणं पाय ओढायला लागतं. दुपारी एकदम ठणठणीत. वि.ला सांगितलं, मला दुपारचीच वेळ पाहिजे. "दिली," म्हणाला.

१३ एप्रिल
पत्रिका आली. माझी वेळ संध्याकाळी सात. वि. म्हणतो, पाहुणे दुपारी न्हाईत. बरं. सात तर सात. मागे हटणार नाही.

१५ एप्रिल
काल झालं ते सगळं लिहिते.
दिव्यांच्या माळा, भाड्याचा साऊंड, पंखे, सगळं एका तारेवर. व्होल्टेज बसलेलं. प्लेअरसमोर माईक धरला. मास्तर म्हशीसारखे हंबरले. ध्रुवपद आलं तर आईचा आवाज खाली उतरून चक्क पुरुषाचा. वि. दुसऱ्या माईकवर, "ऐकलं का मंडळी? गडीच हाय की." मंडप हसला.
थाळीच्या कडेला बोट लावलं आणि ढकलायला लागले. गाणं वर चढलं, डगमगलं. कुठं थांबायचं ते मला कळेना. पहिल्या रांगेतून आई, "अजून वर." ढकललं. "अजून." ढकललं. "हां. आता ऱ्हाऊ दे." आणि बसल्या जागी गायला लागली. दात नाहीत, दम नाही, पण वळण तेच, उघडा लागणारा सूर तोच. रेकॉर्डातली आणि खुर्चीतली, दोघी एकदम. माझं बोट भाजत होतं, सोडलं नाही.
कोणी हसलं नाही मग. मागच्या म्हाताऱ्या उठून पुढे आल्या. एक म्हणाली, "ही तर आपली अनसू." वि.च्या हातात माईक चालू होता. तो त्याने बंद केला.

४ मे
वि. आला. चहा घेतला. पंख्याकडे बघत म्हणाला, "आक्का, रेकॉर्ड दे चार दिवस. कॅसेटीत खरं गानं पन घालू."
म्हटलं, रेकॉर्ड घराबाहेर जाणार नाही. टेप घेऊन इथं ये, माझ्या प्लेअरवरून भरून घे. पण आधी कॅसेटचं कव्हर छापून आण. त्यावर अनसूयाबाई, मास्तरांच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरात.
"कमिटीला इचारावं लागंल."
"विचार."
उठला. दारात चपला घालत होता, तेवढ्यात आतून आई, "इलास, आडनाव पन घाल रं. अनसूया लई हायेत गावात."
तो "व्हय मावशी" म्हणाला की नुसताच खोकला, मला नीट कळलं नाही. ह्यांना व्होल्टेजचा स्टॅबिलायझर आणायला सांगितला आहे.