विहीणबाईंचं गवत आणि केंदूरची भट्टी

शिरूर
रविवार, उपासनेनंतर

आदरणीय विहीणबाई सुवार्ताबाई यांना हन्नाचा जय ख्रिस्त आणि मनापासून सलाम.

प्रभूच्या कृपेनं आम्ही दोघं ठीक आहोत. यवतला तुमचे गुडघे, तुमच्या गाई आणि व्याही कसे आहेत ते कळवावं (याच क्रमानं विचारलंय, हे व्याह्यांना सांगू नये).

आज लिहितेय ती आभार मानायला. नातवाच्या बाप्तिस्म्याला तुम्ही पोतंभर गवताचे ठोंब घेऊन आलात. विहिणीकडं कुणी साडी नेतं, कुणी पेढे नेतं, गवत कुणी नेतं का, म्हणून मी गाल फुगवून बसले होते. तुम्ही आमच्या बोअरचं पाणी जिभेवर ठेवलंत, थुंकलंत आन् म्हणालात, "हे रोशा गवत हाय. खारं पाणी चालतं त्याला. पाल्याचं अत्तरासारखं तेल निघतं. लावून तर बघा." बोअरजवळचा तो तुकडा माझ्या वडिलांनी मला दिलेला. पाणी खारं झाल्यापासून मातीवर पांढरा थर चढलेला, ज्वारी वीतभर येऊन करपायची. मी त्या बाजूची खिडकीच उघडत नव्हते.

एबनेझरनी ठोंब लावले (कारखान्यातून रिटायर झालेला माणूस घरात बसला की बायकोचे डबे लावायला घेतो, त्यापेक्षा गवत बरं). पण भर दुपारी पाइप धरून ते खारं पाणी पानांवर उडवायला लागले. शेंडे तांबडे पडले. तवा तुम्ही फोनवर यांना ओरडलात, "अहो, त्याला आंघोळ घालू नका, पाय धुवा!" मग सरीतून पाणी सुरू झालं, पावसानं मीठ जरा खाली नेलं, आणि गवत कमरेएवढं झालं.

आता पुढचं ऐका. तेल काढायची भट्टी केंदूरला. हे ट्रॉली भरून गेले आणि तिथून कुणाला तरी फोनवर मोठ्यानं सांगितलं, "व्हय, भट्टी पेटलीय! बाटल्या घेऊन या!" शेजारचा संपत तिथंच उभा. आमचे हे दरवर्षी चर्चच्या मंडळीत दारूबंदीवर भाषण करणारे! संपत तडक पाळकसाहेबांकडं. पाळकसाहेब माझ्याकडं आले आणि हळूच विचारलं, "एबनेझरभाऊ कुठायत?" मी आपलं सरळ सांगितलं, "भट्टीवर." त्यांनी डोळे मिटून इतकी लांब प्रार्थना केली, की मला वाटलं यांना अपघात झाला.

रिक्षा करून पाळकसाहेब आणि मी केंदूरला. हे बनियनवर, घामानं निथळत, हातात बाटली धरून उभे! पाळकसाहेबांनी ती ओढून घेतली, हुंगली आणि पुन्हा एकदा हुंगली. मग म्हणाले, "हा तर गुलाब!" एबनेझर म्हणाले, "गुलाब न्हाई साहेब, विहीणबाई." मी हसता हसता रडले. सुवार्ताबाई, तो गंध माझ्या वडिलांच्या मेलेल्या मातीतून आला होता. जमीन गोड झाली असं नाही, ज्वारी अजून तिथं येत नाही. पण आता ती खिडकी दिवसभर उघडी असते. हे तुमचे उपकार.

आपली विहीण,
हन्ना

ता. क. संपतला ठोंब हवेत. पन्नास मागितलेत. वीस द्यावेत असं माझं मत आहे, अफवेचे तीस कापून.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे याच्यासाठी पत्र लिहायला बसले. पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आपल्या पोरांना, रॉबिन-जस्मिनला, कळवलं नाही, पुण्याहून रजा टाकून धावत येतील. हे तर नुसतं मोतीबिंदू म्हटलं तरी घाबरतात. मला तोंडावर खरं बोलणारं माणूस जवळ हवंय. याल का? डोळ्याला पट्टी असली, की यांच्या हातचा स्वयंपाक मला दिसणार नाही, पण खावा तर लागेल.