निळ्या टिपक्याची बाटली

प्रिय मिरत्या,

हे पत्र तुझ्या हातात हाय म्हणजे तू इसेन्सचा डबा उचललास. मला ठाव होतं. दुकान उघडलं की तू पैले तोच डबा उचलून वास घेणार, अगरबत्ती मागून लावणार. फोन का न्हाई केला म्हणशील. फोनवर तू "काय बे आनंद्या" म्हणतो, मी हसतो, आणि एकदा हसलो की माझा राग खल्लास. ह्या वेळी मला तो खल्लास करायचा न्हाई. कालपासून नीट जपून ठेवलाय. म्हणून लिहून राहिलो. दहावीला मराठीत पस्तीस पडले होते, ते पण तुझा पेपर बघून, तेव्हा चुका काढत बसू नको. अर्ध्या तुझ्याच असतील.

आधी कामाचं सांगतो, न्हाईतर रागात राहून जाईल. बहात्तरच्या बहात्तर बाटल्या भरल्या. क्रेटमधी उलट्या उभ्या हायत, गोट्या तोंडाशी घट्ट बसल्यात, एक पण गळत न्हाई. कूलरचा आवाज बंद केला. पाक मीच केला, कारण साखर तुझ्या हातात दिली की तू भितो. पिवळी झाली की बास म्हणतो. पिवळ्या साखरेचा क्रीम सोडा कोणी पण करतं रे. ती पार तांबडी होऊ द्यायची, धूर निघतो का काय असं वाटलं की पाणी मारायचं आणि तोंड मागं घ्यायचं, कारण भांडं अंगावर येतं. मग थंड होऊ द्यायचं. लिंबूसत, चिमूटभर मीठ, आणि इसेन्स सगळ्यात शेवटी. गरम पाकात इसेन्स टाकला तर वास सगळ्या लातूरला आणि बाटलीत नुसतं गोड पाणी. हे तुला शंभरदा सांगितलंय. आता लिहून देतो, कारण एकशेएकव्या वेळेला मी असेन का न्हाई, ते तुझ्यावर हाय.

आठवतं का, सहावीच्या सुट्टीत शिरूरला तुमच्या माळवदावर आपल्याला त्या बारा गोटीच्या बाटल्या घावल्या होत्या? तुझ्या आजोबाच्या बंद पडलेल्या सोड्याच्या दुकानातल्या. शाळा उघडल्यावर पैला सोडा आपण खायचा सोडा आणि लिंबू टाकून केला आणि शेषेराव सरांना पाजला. सर बिचारे "छान, छान" म्हणाले आणि सातवीच्या तासाला पोरांसमोर अशी ढेकर दिली की पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग बेकरीतून पावाचं खमीर आणलं. ते कोमट पाकात टाकलं, बाटल्या रेतीच्या घमेल्यात उलट्या लावल्या आणि दोन दिवस मला झोप न्हाई. तिसऱ्या दिवशी दुपारी पाच बाटल्या उन्हानं फुटल्या. तुझी अव्वा (आमच्यात आय, तुमच्यात अव्वा) खराटा घेऊन वर आली, तिला वाटलं माकडं आलीत. माकडंच होतो आपण. आणि त्या पाकाची साखर करपली ती माझ्यामुळं. मी सरांच्या ढेकरीची नक्कल करून राहिलो होतो आणि तू पोट धरून लोळत होतास. तू म्हणालास फेकून दे. मी म्हणालो ओत, बघू तर खरं. आज लोक पैसे देऊन जो स्वाद पिणार हायत ना, तो त्या नकलेचा हाय.

राहिल्या सात बाटल्या. त्यातल्या एकीच्या बुडाला अव्वानं निळा टिपका दिला. दाराला रंग देऊन उरला होता त्यातला. बाटल्या उलट्या ठेवल्या की टिपका वर दिसायचा, सातांत एकच. अव्वा म्हणाली, "ही आनंदाची." मी तर हवेतच गेलो रे मिरत्या. तुझ्या नावाची बाटली न्हाई, घरातल्या कोणाच्याच नावाची न्हाई आणि माझ्या नावाची हाय. आणि रंग कोणता? निळा. चौदा एप्रिलला आमच्या गल्लीत जो झेंडा वर जातो त्याचा. मला वाटलं अव्वानं मुद्दाम माझ्यासाठी निळा निवडला. मी ती बाटली स्वतः घासायचो, मागच्या अंगणातल्या नळावर, राखेनं. तुमच्या बाटल्या आत मोरीत घासल्या जायच्या, माझी बाहेर. मला वाटायचं, माझी बाटली म्हणून माझ्याच हातानं धुवायची. मी घरी जाऊन आयला सांगितलं. आय भाकरी थापून राहिली होती, तिचा हात थांबला. मग म्हणाली, "आपला गिलास घेऊन जात जा." मी म्हणालो, "कशाला? माझी तिथं स्वतःची बाटली हाय." भाकरी करपली. आयची भाकरी कधी करपत न्हाई.

आता कालचं ऐक. सकाळी तू फुलं आणायला गेला होतास. मी कूलरच्या मागं आडवा, तोंडात दोन स्क्रू. अव्वा आणि स्वप्नाली वहिनी पूजेची तयारी करून राहिल्या होत्या. वहिनीनं शिरूरच्या जुन्या बाटल्या ताटात मांडायला घेतल्या. अव्वा म्हणाली, "ती निळ्या टिपक्याची घेऊ नको ग. ती वेगळी ठिव." वहिनी नवी, तिला काय माहीत. तिनं सासूला विचारलं, "का ओ अत्ती?" अव्वा म्हणाली, "आनंदाची हाय ती. पैल्यापासून वेगळीच हाय. पोरगं लई गुणाचं, पण देवाच्या ताटात कशी घेणार?" रागानं न्हाई बोलली. जिरं वेगळं आणि मोहरी वेगळी ठिव म्हणावं तसं बोलली. म्हणूनच माझ्या डोक्यात जाळ झाला. तिनं शिवी दिली असती ना, तर मी दोन देऊन मोकळा झालो असतो.

आणि मी काय केलं? काही न्हाई. तोंडात स्क्रू होते. काढून बोलता आलं असतं. सगळ्या शाळेला ज्यानं जबान चालवून सळो की पळो केलं, तो मी, कूलरच्या मागं दोन स्क्रू चघळत पडून राहिलो. नंतर अव्वानं मला हाक मारून शिरा दिला, वर तूप घालून. कागदाच्या ताटलीत. तू आला होतास तोवर, तू स्टीलच्या ताटलीत खाल्लास. मी खाल्ला शिरा. गोड होता, ते पण सांगतो. ह्याचाच मला जास्त राग हाय. आय तापानं पडली होती तेव्हा हीच अव्वा सात दिवस डबा घेऊन आमच्या दारापर्यंत आली होती. दारापर्यंत. आत कधी आली न्हाई, हे मला काल कळलं. तुमच्या भिंतीवर बसवण्णाचा फोटो, आमच्या भिंतीवर बाबासाहेबांचा. ते दोघं भेटले असते तर एकाच बाटलीतून आळीपाळीनं सोडा पिले असते, आणि आपण मधी बसून टिपके मोजून राहिलो.

काल दुपारी आयला फोन केला. विचारलं, "आय, तुला ठाव होतं का टिपका कशाला हाय ते?" आय म्हणाली, "जेवलास का?" मिळालं उत्तर.

पण मिरत्या, मला अव्वाचं काही विचारायचं न्हाई. मला तुझं विचारायचंय. आठवीत उदगीरहून तुझा चुलतभाऊ हरिओम आला होता. मी गंमत म्हणून माझी निळ्या टिपक्याची बाटली गुपचूप त्याच्या हातात दिली. बघू, माझ्या बाटलीचा सोडा पाहुण्याला जास्त चढतो का. त्यानं गोटी दाबली, बाटली तोंडाला लावणार, तेवढ्यात तू झडप घालून ती हिसकावलीस. शर्टावर सगळा सोडा सांडला. तू म्हणालास, "ती आनंद्याची हाय." मी ते वर्षभर मिरवलं रे. शाळेत सगळ्यांना सांगितलं, माझा दोस्त सख्ख्या चुलतभावाला पण माझी बाटली देत न्हाई. नांदेडला मी कामाला होतो त्या फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात नव्या पोरांना पण सांगायचो, दोस्त असा पायजे. आता काल सकाळपासून एकच प्रश्न कूलरसारखा घरघर करून राहिलाय. तू ती बाटली माझ्यासाठी हिसकावलीस का हरिओमसाठी?

ह्या प्रश्नाचं उत्तर तोंडानं देऊ नको. तोंडानं तू मला आणि मी तुला आयुष्यभर फसवलंय. हदगावच्या भंगारवाल्याकडं, बिलोलीच्या बंद कारखान्यात, कुठं कुठं फिरून मी ह्या दुकानासाठी जुन्या बाटल्या गोळा केल्या, ते काय आज कागदाच्या ताटलीत शिरा खायला?

आता जा आणि क्रेटवरचं फडकं काढ. काढलंस? शिव्या नंतर दे. काल तुम्ही सगळे स्वामींना उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला गेला होता ना, किल्ली माझ्याकडं ठेवून? चार वाजेपर्यंत मी एकटाच होतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून ऑइलपेंटचा छोटा डबा आणला. निळा. बहात्तर बाटल्या, बहात्तर टिपके. शिरूरच्या सात पण त्यातच मिसळल्या. जुना टिपका आधी खरवडून काढला आणि मग सगळ्यांना सारखा दिला, त्यामुळं माझी कोणती ते आता मला पण ओळखू येत न्हाई. बघ, ही माझी आजवरची सगळ्यात भारी मस्ती हाय आणि मला एकदा पण हसू आलं न्हाई.

गल्ल्याशेजारी थिनरची बाटली आणि कापूस ठेवलाय. रंग अजून कच्चा हाय, सगळे टिपके पुसायला अर्धा तास बास. पाहुणे दहाला येतील, तुझ्याकडं वेळ हाय. मी समोरच्या रसवंतीवर बसलोय, पिशवी सोबत हाय. तिथून मला तुझं काउंटर दिसतं. तू कापूस हातात घेतलास तर मी हाक पण मारणार न्हाई, तिथूनच नांदेडची गाडी धरेन. पाकाचं वर लिहिलंय, ते तुला राहू दे. आणि न्हाई घेतलास, तर क्रेटमधल्या कोणत्या पण दोन बाटल्या उचल, न बघता. एक पूजेच्या ताटात ठिव, अव्वाच्या समोर. दुसरी फोड, अर्धी तू पी, आणि उरलेली अर्धी तशीच हातात घेऊन रस्ता ओलांड. ग्लास आणू नको.

तुझाच, साडेनऊ वाजेपर्यंत तरी,
आनंदराज