ड्यूटी सोपवताना

अहो,

मी निघाले. आरोग्यसेवा नेतृत्वाच्या पदव्युत्तर वर्गाचा पहिला आठवडा आहे, रविवारी परत येईन. "आमची ही आता हॉस्पिटल चालवणार" असं सगळ्या इमारतीला सांगून झालंय तुमचं, फक्त माझ्याशी बोलायचं राहिलंय.

बाबांना नीट बसवून, चहा चमच्याने पाजा. घाई केलीत की ठसका लागतो. आपली डावी बाजू चालत नाही हे त्यांना रोज सकाळी नव्याने कळतं. तेव्हा नुसते शेजारी बसा, समजूत घालू नका. तुमचे मोजे नेहमीच्याच जागी आहेत, म्हणजे तुम्हाला सापडणार नाहीत.

आमच्या वॉर्डात ड्यूटी संपली तरी पुढची सिस्टर "घेतलं" म्हणेपर्यंत जागचं हलायचं नसतं. इतक्या वर्षांत मी कधी हलले नाही. काल जेवताना तुम्हाला बाबांचं सगळं सांगितलं, तर तुम्ही "मीठ कमी आहे" म्हणालात. मघाशी चपला घालून पलंगापाशी उभी राहिले आणि पुन्हा सांगितलं, तर तुम्ही कूस बदललीत. झोपलेला माणूस इतक्या जपून कूस बदलत नाही.

मला आनंद झालाय की नाही, ते कळत नाही. हातपाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटताहेत. पहिला तास "जबाबदारी कशी सोपवावी" यावरच आहे म्हणे.

तुम्ही "घेतलं" म्हणाला नाहीत. तरी मी जातेय.

बाबा जागे व्हायची वेळ झाली. आता उठा.