धायटीला पाणी घालू नका

बाई, आमच्या सोसायटीत धायटी फुलली! अगदी कंपाउंडच्या भिंतीलगत, जिथे बिल्डरने राडारोडा टाकून वर बोटभर माती पसरली होती, तिथे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी सांगायला पहिल्यांदा तुम्हीच आठवलात.

जीवशास्त्राच्या तासाला तुम्ही आम्हाला वर्गातून उठवून टेकडीवर नेलं होतंत. मार्च महिना, सगळी टेकडी करपलेली, आणि मधेच लाल फुलांनी लगडलेली ही झुडपं. शेजारचं एक वाळकं झुडूप बघून मी म्हणते, हे मेलं. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघता. "आधी नखाने खरवडून बघ, मग सुतक पाळ." मी खरवडते, तर आत हिरवंगार. सगळा वर्ग हसतो. त्या दिवशी तुमचा असा काही राग आला होता मला!

आता भिंतीलगतच्या त्या पट्ट्यात आमच्या अध्यक्षांना फरशी घालून गाड्या लावायच्या होत्या. मी सभेत उभी राहिले, म्हटलं, तिथे धायटी लावते. ते म्हणाले, फुलली तर ठेवू, नाहीतर फरशी. पहिलं रोप गेलं ते लोकांच्या मायेने. आमच्याकडे पाणी वाया घालवणं म्हणजे पाप. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, फिरून आल्यावर बाटलीत उरलेलं, सगळं त्याच्या बुंध्याशी. मुळं कुजली. पुढच्या पावसाळ्यात दुसरं रोप लावलं, ते चांगलं रुजू दिलं आणि मग दारोदार जाऊन सांगितलं, पाणी घालू नका. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, झाडाचं पाणी तोडणारी बाई जन्मात पहिल्यांदाच बघितली. तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. उन्हाळ्यात रोपाच्या नुसत्या काड्या उरल्या, तसं अध्यक्षांनी फरशीवाल्याला माप घ्यायला बोलावलं. मी सगळ्यांदेखत खाली बसले, काडी नखाने खरवडली आणि म्हटलं, "हिरवी आहे. टेप गुंडाळा." आवाज थेट तुमचा निघाला, बाई. फरशीवाल्याने टेप गुंडाळली.

आणि यंदा बघा! टँकर सुरू झाले, अध्यक्षांची लाडकी हिरवळ पिवळी पडली आणि धायटी खालपासून वरपर्यंत लालेलाल. शिंजीर सकाळपासून फुलांत चोच खुपसून असतात. काकू स्वतःहून खाली आल्या आणि म्हणाल्या, पाणी अजिबात नाही घातलंस? सभेत ठराव झाला की पट्टा झाडांचाच राहील. आणि अध्यक्षांनाच तो सगळ्यांपुढे वाचावा लागला. मला इतका आनंद झाला, की घरी येऊन एकटीनेच श्रीखंड खाल्लं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, तेव्हा खरं सांगून टाकते. फुलं सुंदर आहेत, पक्षी गोड आहेत, सगळं खरं. पण रोज सकाळी मी खाली जाते ती अध्यक्षांचं तोंड बघायला.