भांडं वाजलं की

मीरा रोड, मार्च २००६

ती. सासूबाईंना नमस्कार,

नातवाचे पेढे स्वस्तात पडले. खरी किंमत मोजली ती मनालीच्या झोपेनं. बाळंतपणात तिचं रक्त थांबेना. डॉक्टरांची धावपळ, ट्रेमधल्या हत्यारांचा खणखणाट, सगळं तिने शुद्धीत ऐकलं. आता घरात भांडं वाजलं तरी ती थरथरते. नळ सोडून रडते, पण माझ्या कानांना ते बरोबर कळतं.

तुम्ही फोनवर म्हणालात, "आम्ही काय बाळंत झालो नाय? दृष्ट काढा तिची." काढली. मग मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "ही भीतीची जखम आहे, भरून येते. तिला बोलू द्या, मध्ये समजवायला जाऊ नका."

मी रोज समोर बसतो. ती बोलत नाही. काल एवढंच म्हणाली, "आई इथे असती तर बोलले असते. पण डॉक्टरीणबाईंचं तिला कळवू नका हं, ती हसेल."

तुम्ही न हसता येऊन बसाल का, एवढंच विचारायचं होतं. पण तिला शब्द दिलाय, म्हणून हे पत्र टाकत नाही.

साखरपुड्यात मी छाती ठोकून सांगितलं होतं, इथल्या हाटकेश भागात माझा स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे, तुमच्या लेकीला भांड्यांची कमी पडणार नाही. सध्या आम्ही प्लास्टिकच्या ताटांत जेवतोय.

तुमचा जावई,
सदानंद